चुकलेली नाणी

शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर असतो, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण हा सगळा मजकूर पुरता उमटलेली शिवराई शोधायला निघालं, की ढीगभर नाणी उपसावी लागतात. कुठे ‘श्री’ अर्धी कापलेली, कुठे ‘पति’ नाण्याबाहेर गेलेलं, कुठे काठावरच्या ठिपक्यांपैकी चारच आत आलेले. कारण साधं आहे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. कारागीर खालच्या ठशावर तुकडा ठेवी, वरचा ठसा हाताने धरी आणि हातोडा घाली. हात जरा हलला की मजकूर सरकला. ठसे कोरणारेही अनेक, त्यामुळे एका नाण्यावर ‘शिव’ तर दुसऱ्यावर ‘सिव’. तरीही यातल्या एकाही नाण्याला कुणी चुकलेलं म्हणत नाही. त्या काळी प्रत्येक नाणं दुसऱ्याहून थोडं निराळंच असायचं.

नाणं चुकायला आधी सगळी नाणी सारखी असावी लागतात, आणि ती सारखी केली यंत्रांनी. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळीची इमारत 1829 साली पुरी झाली. कंपनी सरकारने सबंध मुलखासाठी एकसारखी नाणी 1835 पासून काढली. वजन ठरलेलं, व्यास ठरलेला, चित्र ठरलेलं. तेव्हापासून या ठरलेल्या मापाबाहेर गेलेलं प्रत्येक नाणं वेगळं दिसू लागलं, आणि काही माणसं ती वेगळी नाणी बाजूला काढून ठेवू लागली. आज या छंदाला आपल्याकडे सर्रास ‘एरर कॉइन’ जमवणं म्हणतात. काही जण त्याला गमतीचा छंद समजतात. मला तो टांकसाळीचा कारभार समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग वाटतो. बिनचूक नाणं ते कसं बनलं याचा मागमूस ठेवत नाही. चुकलेल्या नाण्यावर तो स्पष्ट दिसतो.

तर आधी नाणं बनतं कसं ते पाहू. धातूचा लांबलचक पट्टा यंत्राखालून सरकत जातो आणि त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. आपण लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडतो, तसंच. पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, की पुरीचा एक घास खाल्ल्यासारखा तुकडा जातो. टांकसाळीतही पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही की असंच होतं आणि काठाला चंद्रकोरीसारखी खोबण असलेली चकती तयार होते. तिच्यावर छाप बसला की झालं ‘कट’ नाणं. चकती पट्ट्याच्या टोकाला कापली गेली, तर तिची एक बाजू सरळ येते.

चकत्या मग भट्टीत तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात, आणि दाबून त्यांच्या कडेला उंच काठ आणतात. त्यानंतर छापयंत्र. वर एक डाय म्हणजे ठसा, खाली एक डाय आणि भोवती कॉलर नावाचं पोलादी कडं. डायांचा दाब बसला की धातू कडेकडेने पसरू पाहतो आणि कॉलर त्याला गोलाईत धरून ठेवते. कडेवरच्या उभ्या रेघाही पुष्कळदा या कॉलरच्याच असतात. आधुनिक यंत्र एका मिनिटात सातशेच्या आसपास नाणी पाडतं. म्हणजे यंत्रचालकाच्या लक्षात बिघाड येऊन त्याने बटण दाबेपर्यंत शेकडो नाणी पुढे गेलेली असतात.

या वेगात काय काय होतं पाहा. चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही, की छाप एका बाजूला सरकतो आणि उरलेल्या भागात कोरा धातू राहतो. हे ‘ऑफ सेंटर’ नाणं. कॉलरच वर आली नाही, तर नाणं पसरट आणि गुळगुळीत कडेचं होतं. छापलेलं नाणं बाहेर न पडता तिथेच अडकलं, की त्याच्यावर दुसरा छाप बसतो. डाय ढिली होऊन फिरली, की पुढची बाजू सरळ आणि मागची तिरकी किंवा थेट उलटी. ही चूक ओळखायला सर्वांत सोपी. भारतीय नाण्याच्या दोन्ही बाजूंचं वरचं टोक एकाच दिशेला असतं. नाणं पुस्तकाच्या पानासारखं डावीकडून उजवीकडे उलटलं, तर मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. खिशातल्या चिल्लरीवर हे आत्ताच करून पाहता येईल.

आता लखी. आपल्याकडचे नाण्यांचे व्यापारी हा शब्द ज्या नाण्यासाठी वापरतात, ते या छंदातलं माझ्या मते सर्वांत देखणं नाणं. छापून झालेलं एक नाणं वरच्या डायला चिकटून बसतं. खाली नवी कोरी चकती येते. खालची डाय तिच्या खालच्या अंगावर नेहमीसारखं उठावदार चित्र उमटवते. वर मात्र डायच्या जागी आहे चिकटलेलं नाणं, आणि त्याचा उघडा भाग म्हणजे याच खालच्या डायने उमटवलेलं चित्र. ते नव्या चकतीत रुततं आणि तेच चित्र खोलगट, आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणून खऱ्या लखीच्या एका बाजूला राजाचा चेहरा उठावदार असेल, तर मागे तोच चेहरा आत खोदलेला मिळतो. ब्रिटिश अमलातल्या पाव आण्याच्या तांब्याच्या नाण्यांत अशा लख्या अजूनही पाहायला मिळतात. चिकटलेलं नाणं तसंच राहिलं, तर प्रत्येक दाबागणिक ते पातळ होत पसरत जातं आणि पुढच्या लख्यांवरचा चेहराही रुंद आणि पुसट होत जातो. म्हणजे लखी पाहून ती पहिल्या काही दाबांतली की बऱ्याच नंतरची, हेही सांगता येतं. नाण्याच्या जन्माचा इतका नेमका पुरावा बिनचूक नाण्यात कधीच सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या भोकाच्या पैशाचीही इथे आठवण काढली पाहिजे. 1943 ते 1947 या काळात निघालेल्या या पैशाच्या मध्यभागी गोल भोक असे. भोक पाडायचं म्हणजे एक काम वाढलं, आणि काम वाढलं की चुकीची एक जागा वाढली. भोक बाजूला सरकलेले पैसे आजही मिळतात. पुढे दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं आलं. पहिल्या नाण्यांवर 2005 साल होतं, ती लोकांच्या हाती 2009 मध्ये आली. त्याचं बाहेरचं पिवळं कडं वेगळं आणि आतली पांढरी चकती वेगळी. दोन्ही एकत्र ठेवून त्यांच्यावर छाप बसतो आणि त्या दाबाखाली ती एकमेकांत घट्ट अडकतात. आतली चकती जागेवर नसेल तर ती कड्यावर चढते, किंवा भोक तसंच राहून नाणं बाहेर पडतं.

दोन वेगवेगळ्या नाण्यांच्या डायांची चुकून जोडी लागली, तर जन्मणाऱ्या नाण्याला जगभर ‘म्यूल’ म्हणतात. नाण्यांची मालिका बदलते, तेव्हा हा धोका सर्वांत जास्त असतो. रुपयाचं नवं चिन्ह असलेली आपली मालिका 2011 साली आली. तिच्यात दोन रुपयांचं नाणं 25 मिलिमीटर व्यासाचं आणि 4.85 ग्रॅम वजनाचं ठरलं. त्याआधीच्या एक रुपयाच्या पोलादी नाण्याचंही माप नेमकं हेच होतं. नवा एक रुपया 22 मिलिमीटरचा झाला, म्हणजे आधीच्या पन्नास पैशांएवढा. चकतीचं माप तेच राहिलं आणि किंमत बदलली. अशा वेळी यंत्रावर कोणती डाय चढवायची हे केवळ माणसाच्या लक्षावर अवलंबून राहतं. चकती डायच्या मापाची नसेल, तर निदान काठ अपुरा येऊन चूक उघडी पडते. माप एकच असेल, तर तीही सोय नाही.

इंग्लंडमध्ये 2008 साली नेमकं असंच झालं. वीस पेन्सच्या नाण्याची रचना बदलली. जुन्या रचनेत साल मागच्या बाजूला असे, नव्यात ते राणीच्या बाजूला नेलं. कुणीतरी राणीची जुनी डाय आणि मागची नवी डाय एकत्र चढवली. दोन्हींवर साल नव्हतं. तीनशेहून अधिक वर्षांत ब्रिटनमध्ये बिनसालाचं चलनी नाणं निघालं नव्हतं, ते आता निघालं आणि कुणाच्या लक्षात न येता बँकांत पोचलं. अशी जास्तीत जास्त 2,50,000 नाणी असावीत, असा अंदाज आहे.

टांकसाळीत तपासणी असते. मग ही नाणी बाहेर येतात कशी? हा या प्रकरणाचा गाभा आहे, कारण ज्या वाटेने चुकलेलं नाणं आलं, तिच्यावर त्याची प्रतिष्ठा ठरते.

पहिली वाट नजरचुकीची. कोट्यवधी नाण्यांतून काही निसटतात. टांकसाळीतून नाणी रिझर्व्ह बँकेकडे, तिथून बँकांच्या तिजोऱ्यांत, मग दुकानदारांच्या गल्ल्यात आणि कंडक्टरच्या चामडी पिशवीत. चिल्लर जिथे जास्त मोजली जाते, तिथे चुकलेलं नाणं सापडण्याचा संभवही जास्त. शिर्डीत दानपेटीतल्या चिल्लरीचा एवढा साठा होतो, की तो ठेवायला जागा नाही, असं बँकांनी सांगितल्याच्या बातम्या 2019 साली आल्या होत्या. असे ढीग मोजणारे हात रोज हजारो नाणी पाहतात. चाणाक्ष संग्राहक ही चिल्लर हाताळणाऱ्यांशी ओळख ठेवतात, नोटा देऊन चिल्लर घेतात, घरी चाळतात आणि उरलेली परत बाजारात खपवतात. हे काम कष्टाचं आणि चिकाटीचं आहे. या वाटेने आलेलं नाणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसरी वाट जाणूनबुजून सोडून दिल्याची. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 1955 साली एक सेंटच्या नाण्याची डायच दुहेरी कोरली गेली. डायवर मूळ ठसा दोनदा दाबावा लागे, दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला, आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर साल आणि अक्षरं दोनदा दिसू लागली. चूक ध्यानात आली तोवर सुमारे 24,000 नाणी इतर लाखो नाण्यांत मिसळून गेली होती. ती वेगळी काढायची तर सगळा ढीग वितळवावा लागला असता. टांकसाळीने तो तसाच जाऊ दिला. तिकडे सिगारेटच्या पाकिटाची किंमत 23 सेंट होती आणि ती विकणाऱ्या यंत्रात 25 सेंट टाकावे लागत. म्हणून वरचे दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनाखाली घालून देत. बरीचशी दुहेरी अक्षरांची नाणी लोकांना अशा पाकिटांतून मिळाली.

त्याआधीची, पहिल्या वाटेची 1943 ची गोष्ट तर जगभरच्या संग्राहकांना तोंडपाठ आहे. युद्धासाठी तांबं वाचवायला अमेरिकेने त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले. पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या काही चकत्या त्या वाहून नेणाऱ्या पेट्यांच्या फटींत अडकून राहिल्या होत्या. त्या सुटून यंत्रात गेल्या आणि मूठभर नाणी जुन्याच धातूची निघाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका शाळकरी मुलाला 1947 मध्ये शाळेच्या कॅन्टीनमध्ये सुट्या पैशांत असं एक नाणं मिळालं. त्याने ते आयुष्यभर जपलं. 2019 च्या लिलावात त्याला 2,04,000 डॉलर आले.

तिसरी वाट चोरीची, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अमेरिकेने 2007 पासून राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांची डॉलरची नाणी काढली. त्यांच्या कडेवरची अक्षरं वेगळ्या यंत्रात नंतर उमटवली जात. काही नाणी त्या यंत्रात न जाताच बाहेर पडली आणि संग्राहक त्यांना चांगली किंमत देऊ लागले. मग टांकसाळीच्या पहाऱ्यावरच्या एका पोलिसानेच कोऱ्या कडेची नाणी बाहेर नेऊन विकायला सुरुवात केली. 2011 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. प्रकरण सुमारे 24 लाख डॉलरचं होतं, आणि त्याला तुरुंगवास झाला. संग्राहकांनी वाढवलेल्या किमतींमुळे पहारेकऱ्याचाही लोभ जागा झाला, हे विसरता कामा नये.

आपल्या कायद्यालाही ही भीती जुनीच आहे. टांकसाळीत नोकरी करणाऱ्याने ठरलेल्या वजनाचं किंवा मिश्रणाचं नसलेलं नाणं मुद्दाम पाडणं, किंवा नाणी पाडायचं साधन परवानगीशिवाय बाहेर नेणं, हे भारतीय दंड संहितेत सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे होते, आणि नव्या न्याय संहितेतही आहेत. म्हणून एखादं नाणं फारच विलक्षण दिसलं, म्हणजे दोन वेगळ्या किमतींचे छाप, त्यावर ऑफ सेंटर, त्यावर दुहेरी दाब, असं सगळं एकाच चकतीवर आलं, तर मी आधी थबकतो. अपघात एवढे मापात आणि एवढे आकर्षक होत नाहीत. असं नाणं टांकसाळीच्या खऱ्या यंत्रावर पाडलेलं असू शकतं, पण ते मुद्दाम पाडलेलं असण्याची शंका राहतेच. ते विकत घेणाऱ्याने टांकसाळीतल्या त्या हातालाच बक्षिशी दिली, असं मी मानतो.

चौथी वाट टांकसाळीतून येतच नाही. ती घरच्या कानसेतून, शिकंजातून किंवा आम्लाच्या बाटलीतून येते. दहा रुपयांच्या नाण्याची आतली चकती ठोकून काढून तिला दुर्मीळ म्हणून विकलं जातं. मग भोकाच्या आतल्या कडेवर ओरखडे शोधावेत. छाप बसताना चकती नसेल, तर कड्याचा धातू आत थोडा पसरलेला असतो, आणि चकती नंतर काढली असेल तर भोक स्वच्छ गोल आणि खरवडलेलं दिसतं. बनावट लखी करणारा दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंजात दाबतो. तेव्हा एका नाण्याचं चित्र दुसऱ्यावर खोलगट उमटतं खरं, पण मूळची उठावदार नक्षी चेपून सपाट होते, आणि दोन्ही बाजूंचं चित्र एकच यायला हवं, हा लखीचा नियम पुष्कळदा मोडतो. 1943 च्या सेंटवर तांब्याचा मुलामा देणाऱ्यांना साधं लोहचुंबक उघडं पाडतं. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं तर बहुधा दोन नाणी कातून आणि एकमेकांत बसवून केलेलं असतं. कडेच्या आतल्या बाजूला सांधा सापडतो.

हे ओळखायला मोठी सामग्री लागत नाही. दहापट भिंग, शंभराव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर आणि एक लोहचुंबक, एवढ्यावर बरंच निभतं. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं आणि 7.71 ग्रॅमचं असतं. काठ कापलेलं नाणं त्या प्रमाणात हलकं भरलं पाहिजे. वजन पूर्ण भरत असेल आणि तुकडा गेलेला दिसत असेल, तर काहीतरी बिनसलेलं आहे. काट्यावर न बसणारी गोष्ट विकणाऱ्याने कितीही रंगवून सांगितली, तरी ती सोडून द्यावी.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याभोवती अफवाच फार. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती फोनवर फिरतात. ती चुकलेली नाणी नाहीत आणि दुर्मीळही नाहीत. जुनी नाणी मोठ्या किमतीला घेतो म्हणत आधी ‘शुल्क’ किंवा ‘कर’ मागणाऱ्या टोळ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी दिला. बँक अशा व्यवहारात नसते आणि तिने कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे तिने स्वच्छ सांगितलं. अमेरिकेतही 1943 चा तांब्याचा सेंट आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड मोटार देणार, अशी खोटी वावडी उठली होती. फिरलेली डाय किंवा थोडासा सरकलेला छाप यांना संग्राहकांत नाण्याच्या किमतीपेक्षा थोडी जास्त रक्कम मिळते. मोठी किंमत मोजक्या, स्पष्ट आणि सिद्ध झालेल्या चुकांनाच येते. पैसा वाढवायला म्हणून या छंदात येऊ नये.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. आपल्याकडे चुकलेली नाणी जमवणारे वाढले, पण त्यांच्या नोंदी नाहीत. नाण्यावरच्या खुणेवरून टांकसाळ कळते. सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि कोलकात्याची खूण नसते. तेव्हा कोणत्या टांकसाळीत, कोणत्या वर्षी, कोणती चूक झाली, याचा तक्ता संग्राहकांना सहज उभा करता येईल. प्रदर्शनात नाणं मखमलीवर ठेवून त्याखाली फक्त किंमत लिहिणं पुरेसं नाही.

म्हणून ज्यांना असं नाणं सापडेल, त्यांना एवढीच विनंती. ते चिंचेने किंवा पावडरने घासू नका. पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा, वजन आणि व्यास मोजा, टांकसाळीची खूण पाहा, आणि ते कोणत्या गावात, कुणाकडून, कोणत्या तारखेला हाती आलं, ते त्याच दिवशी लिहून पाकिटातच ठेवा.